पाळण्याची दोरी आणि थकलेले हात

दिवाळीत ज्या घरी तान्हे मूल असते, त्या घराची शोभा काही निराळीच. बाळाची पहिली अंघोळ, आजीने हौसेने शिवलेली कुंची, मामाने आणलेले झबले, आणि एवढ्याशा मुठीत कुणीतरी कोंबलेली शंभराची नोट! येणारा-जाणारा प्रत्येकजण बाळाला उचलून घेतो, "कुणाच्या वळणावर गेलाय हो?" असे विचारतो, दोन मिनिटे बोबडे बोलतो आणि फराळाच्या ताटाकडे वळतो. बाळाने भोकाड पसरले की ते ताबडतोब आईच्या स्वाधीन होते. पण त्या आईला कुणी कधी विचारतो का, की बाई गं, काल रात्री तू किती वेळ झोपलीस?

या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आज मला थोडे लिहावयाचे आहे. विषय सणासुदीचा नव्हे, हे मी जाणून आहे. पण हा अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकांपैकी कितीतरी जणींच्या मांडीवर या क्षणीही एखादे रडवे मूल असेल, आणि त्यांच्या मनात जे येते ते त्यांना कुणापाशी बोलता येत नसेल. निदान त्यांच्यासाठी तरी ते कुणीतरी उघड बोलायला हवे.

मी राहते परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावी. गावात रेणुकादेवीचे ठाणे आहे. नवरात्रात लांबलांबून बायका ओटी भरायला येतात आणि देवीपाशी बहुधा लेकराबाळांचेच मागणे मागतात. इथल्या शाळेत मी ३१ वर्षे मास्तरकी केली. त्यामुळे मुलांचे रडणे मला नवे नाही. परंतु शाळेत येणारे मूल दुपारी आपल्या घरी जाते. घरातले मूल कुठेच जात नाही, हा त्यातला मोठा फरक!

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पुण्याला एका कंपनीत ती चांगल्या हुद्द्यावर आहे. घरी जावई आणि ती, दोघेच. मुलगी झाली, नाकीडोळी नीटस, वजनही चांगले. पहिले तीन आठवडे कसे गेले ते कळलेदेखील नाही. मग मात्र रोज दिवेलागण झाली की बाळीचे रडणे सुरू होऊ लागले. पाजले तरी रडणे, खांद्यावर घेतले तरी रडणे, पाळण्यात घातले तर जास्तच! शेजारणींनी दृष्ट काढली, पोटावर हिंगाचा लेप दिला, कुणी म्हणाले आईने डाळ खाल्ली, कुणी म्हणाले वारे लागले. सहाव्या आठवड्यात तर रात्रीचे दोन-दोन वाजू लागले.

अशाच एका रात्री माझी मुलगी माझ्या अंथरुणापाशी येऊन उभी राहिली. बाळ तिच्या हातात होते. शांत, जवळजवळ कोरड्या आवाजात ती म्हणाली, "आई, हिला घे. आत्ताच्या आत्ता घे. नाहीतर मी हिला काहीतरी करीन."

मी उठून बाळ घेतले, पाळण्यात ठेवले आणि तिला म्हटले, "जा, अंगणात जाऊन बस. मी हाक मारीपर्यंत येऊ नकोस." ती अर्धा तास तुळशीपाशी बसली होती. बाळ पुढे वीसेक मिनिटे रडले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या कानी गेली. त्या म्हणाल्या, "असलं अभद्र आईच्या तोंडून निघतंच कसं?" मी मात्र तेव्हापासून आजपर्यंत मानत आले आहे, की त्या रात्री आमच्या घरात जे काही बोलले गेले, त्यात सर्वांत शहाणपणाचे वाक्य हेच होते. तिने आपल्या मनातला राग ओळखला, तो हातापर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्याला सांगितला आणि मूल सुरक्षित हातात दिले. याहून अधिक एखाद्या आईने काय करावयाचे?

मूल रडते ते कुणाच्या चुकीने?

बाळाला आम्ही गंगाखेडला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला नखशिखांत तपासले, वजन केले आणि हसून म्हणाले, "मूल ठणठणीत आहे. तपासायला हवं ते आईला."

मग त्यांनी जे समजावून सांगितले आणि पुढे मी स्वतः वाचून पडताळून पाहिले, ते प्रत्येक नव्या आई-बापाला बाळंतविड्याबरोबरच सांगितले पाहिजे असे मला वाटते.

टी. बेरी ब्रेझल्टन नावाचे एक अमेरिकन बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी निरोगी बाळांच्या आयांना रोज किती वेळ मूल रडले याची टिपणे ठेवायला सांगितली आणि १९६२ साली त्यातून निघालेला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन आठवड्यांचे सर्वसाधारण मूल दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडते. सहाव्या आठवड्यात ते पावणेतीन तासांवर जाते. पुढे ते आपोआप उतरू लागते आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुष्कळच कमी होते. हे रडणे विशेषेकरून संध्याकाळी असते. काही मुले याहून कितीतरी अधिक रडतात, तरीही ती निरोगीच असतात.

कुणी म्हणेल, अमेरिकेतली मुले वेगळ्या खोलीत निजतात, म्हणून रडत असतील. त्याचेही उत्तर मिळालेले आहे. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या सान लोकांच्या बायका मूल दिवसभर अंगाशी बांधून हिंडतात आणि ते कुरकुरले की लगेच पाजतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले, की त्यांच्या मुलांचे रडणे थोड्या वेळात आटोपते खरे. पण वाढण्याचे आणि उतरण्याचे वय त्यांच्यातही तेच! म्हणजे ज्या आईने काहीही कमी केले नाही तिचेही मूल दुसऱ्या महिन्यात रडणारच. ही वाढीच्या वाटेवरची एक चढण आहे. डाळ खाल्ल्याचा, नजर लागल्याचा किंवा आईला समजत नसल्याचा तो पुरावा नव्हे.

माझ्या मुलीने हे ऐकले आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे हे संपणार आहे?" एवढेच तिने विचारले. ज्या गोष्टीला शेवट आहे असे कळते, ती सोसायला बळ येते.

मात्र रडणे नेहमीचे आहे असे ठरविण्याआधी मूल आजारी नाही, याची खात्री हवी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला, ते पिईनासे झाले, निपचित पडू लागले, सारखे ओकू लागले, टाळू फुगली, झटके आले किंवा रडण्याचा सूरच एकाएकी बदलून तीक्ष्ण झाला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. घरच्या घरी पाहायच्या गोष्टीही आहेत. भूक, ओले दुपटे, उकाडा किंवा गारठा, अंगावर चढलेली मुंगी. आणि पायाच्या बोटाला आईच्या लांब केसाचा घट्ट फास तर बसलेला नाही ना? हा शेवटचा प्रकार क्वचित घडतो, पण घडतो. मनगटाचा काळा दोरा किंवा मनगटीही कधीकधी रुतते.

गदागदा हलविण्याचा धोका

डॉक्टरांनी माझ्या मुलीला दुसरी गोष्ट सांगितली ती जावयांनाही फोन करून सांगितली, आणि ती त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितली. तान्ह्या मुलाला रागाच्या भरात कधीही गदागदा हलवायचे नाही.

वाचकांना वाटेल, हे काय सांगायला हवे? हवे. कारण पुष्कळांना चापट मारणे वाईट वाटते, पण हलविणे तितकेसे वाईट वाटत नाही. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने फार मोठे आणि जड असते. त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचा. मान लटकी, मेंदू अगदी मऊ. दोन्ही दंडांना धरून त्याला जोराने पुढे-मागे हलविले, की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि मेंदूवर व डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरते. वरून खरचटलेलेही दिसत नाही. याला काही सेकंद पुरतात. त्यातून मूल दगावते, नाहीतर दृष्टी, चालणे, बोलणे, बुद्धी यांना जन्माचा अधूपणा येतो.

इंग्लंडमधील मेंदूचे शल्यविशारद ए. नॉर्मन गुथकेल्च यांनी १९७१ साली हा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला. त्यानंतर अमेरिकेत जॉन कॅफी यांनी त्यावर सविस्तर लिहिले. पुढच्या काळात असेही ध्यानात आले, की असे हलविणारे हात पुष्कळदा पुरुषाचे असतात, आणि ते हलविण्याला निमित्त असते ते बहुतेक वेळा थांबत नसलेल्या रडण्याचेच. दिवसभर कामावर दमून आलेला बाप, घरी आल्यावर रडते मूल, स्वयंपाकघरात चिडलेली बायको; चित्र कुणाच्याही ओळखीचे आहे.

मूल खांद्यावर थोपटणे, मांडीवर झुलविणे, पाळणा हळू हलविणे यांत हा धोका नाही. पण रागाचा हात आणि लाडाचा हात यांतला फरक, दमलेल्या माणसाला रात्री दोन वाजता नेहमीच समजतो असे नाही. त्यासाठी नियम आधीच ठरलेला असावा.

बांधाच्या टोकापर्यंत

तो नियम मला कुठल्याही पुस्तकाआधी सांगितला आमच्या शेजारच्या म्हातारीने. तिने आयुष्याची कितीतरी वर्षे ऊसतोडीला काढली आहेत. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' असेच म्हणतात. माणसाची मोजणी अवजाराने! संसार गाडीत, आणि संसाराच्या वर झोळीतले लेकरू. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर नेऊन गाडीत भरणे. मूल फडाच्या कडेला. अशा ठिकाणी रडणाऱ्या मुलाचे ही बाई काय करीत असेल, म्हणून मी तिला विचारले.

ती म्हणाली, "बाई, आधी पाजायचं. मग पाहायचं, काई चावलं का, आंग तापलं का. काईच न्हाई अन् लेकरू थांबंना, अन् आपल्या डोस्क्यात सणक गेली, की त्याला झोळीत ठिवायचं अन् बांधाच्या त्या टोकाला जाऊन यायचं. घोटभर पाणी प्यायचं. लेकरू रडल्यानं मरत नसतंय. पण पित्त खवळलेल्या मान्साच्या हातात त्यानं ऱ्हाऊ नये."

आज जगभर बालरोगतज्ज्ञ नव्या आई-बापांना जे सांगतात, ते याहून निराळे नाही. मूल तपासा. आजारी नसेल तर त्याला सपाट, घट्ट बिछान्यावर उताणे निजवा. जवळ उशी, लोड, जाड गोधडी नको. आणि पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर पाणी मारा, कुणाला तरी फोन करा, आपला श्वास ताळ्यावर आणा, मग परत येऊन पाहा. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात बांध नाही. पण गॅलरी आहे, न्हाणीघर आहे, दारासमोरचा जिना आहे. रडते मूल खाली ठेवून बाजूला होणे याला निष्ठुरपणा म्हणणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नये. त्या पाच मिनिटांत आई मुलाचे रक्षणच करीत असते.

आधी काय होते?

"आमच्या वेळी नव्हते हो असले काही! आम्ही चार-चार मुले वाढवली," असे पुष्कळ वडील माणसे म्हणतात. मीही त्याच पिढीची. परंतु आमच्या वेळी काय होते ते खरेखुरे आठवून पाहावे.

आधी होते ते हे, की मुलाला घेणारे हात पुष्कळ होते. काकू, आत्या, थोरली बहीण, ओसरीवरचे आजोबा. आई चुलीपाशी चिडली असली, तरी मूल त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या कडेवर असायचे. मात्र जिथे ते हात नव्हते, तिथे काय घडत होते तेही आपल्या महाराष्ट्रात नोंदलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने केली आणि १९२२ साली ती सरकारी कामगार-पत्रात प्रसिद्ध झाली. आई दिवसभर साच्यावर, घर म्हणजे चाळीतली एक खोली, पाळणाघर नाही. मग मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची, ही चाल त्या बायकांत सर्रास आढळली. त्या आया काही दुष्ट नव्हत्या. त्यांना दुसरा हात नव्हता. अफूने मूल शांत होते ते त्याचा श्वासच मंदावतो म्हणून, आणि कित्येकदा तो कायमचा थांबतो, हे आता आपण जाणतो. आजही मूल झोपावे म्हणून मोठ्यांचे खोकल्याचे औषध चमचाभर पाजणारी घरे आहेत. तीही त्याच वाटेने चालली आहेत, हे त्यांनी ओळखावे.

या बायकांना उपदेश करून भागणारे नव्हते. त्यांना रजा आणि पगार हवा होता. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुरस्कार केला आणि १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या जागी पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. फडावरच्या ऊसतोडणीच्या बाईपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही, हे मी रोज डोळ्यांनी पाहते. पण शहरातल्या नोकरदार भगिनींनी आपला हक्क माहीत करून घ्यावा आणि तो मागताना ओशाळू नये.

गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमी. तिच्या जात्यापाशी विठ्ठल दळू लागायला येऊन बसे, ही कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कामाच्या डोंगराखाली दबलेल्या या बाईला देव भेटला, तो उपदेश करणारा म्हणून भेटला नाही. जात्याच्या खुंट्याला लागलेला दुसरा हात म्हणून भेटला.

मनात येते ते पाप नव्हे

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले एक बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. आईला आपल्या तान्ह्या मुलाचा कधीकधी अगदी द्वेष वाटतो, आणि तो वाटायला तिला कितीतरी सबळ कारणे असतात, असे त्यांनी १९४९ सालच्या एका निबंधात लिहिले. कारणांची यादीच दिली! हे ऐकून सभ्य माणसे दचकली असतील. पण त्यांचे म्हणणे असे, की हा राग ज्या आईला स्वतःशी कबूल करता येतो, ती तो आवरूनही धरू शकते. मुलाला सर्वगुणसंपन्न आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते, हा विचारही त्यांचाच.

राग येणे वेगळे आणि मन आजारी पडणे वेगळे. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत विनाकारण रडू येणे, हळवे होणे हे पुष्कळ जणींना होते आणि आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटून गेले तरी मन उदास, कशात गोडी नाही, बाळ निजले तरी आपल्याला झोप नाही, "मी वाईट आई आहे" हाच घोष, मूल परके वाटू लागले, तर तो बाळंतपणानंतरचा उदासीनतेचा विकार असू शकतो. तो नखरा नव्हे आणि त्यावर उपचार आहेत.

आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या २५२ स्त्रियांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ जणींना हा विकार असल्याचे आढळले. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याबद्दल घरच्यांची नाराजी, ही त्यामागची कारणे. २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हाही आकडा शेकडा २२ निघाला. म्हणजे तुमच्या मजल्यावर पाच बाळंतिणी असतील, तर त्यांतली एक! पुढे गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने सामान्य घरातल्या बायकांना शिकवून तयार केले. त्या या आयांकडे जात, बोलत, धीर देत. त्यांना नाव दिले 'सखी'. या सख्यांच्या भेटींनी बऱ्या होणाऱ्यांची संख्या वाढते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आमच्या गावची आशाताई बाळाला पाहायला येई तेव्हा वजन करून झाल्यावर माझ्या मुलीकडे वळून विचारी, "ताई, तुम्हाला झोप लागते का? रडू येतं का?" एवढ्या दोन प्रश्नांनी मुलीचे डोळे भरून येत. बाळाला पाहायला आलेल्या साठ-सत्तर माणसांत हे विचारणारी ती एकटी.

स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार पुनःपुन्हा येत असतील, कानात नसलेले आवाज येत असतील, वागण्या-बोलण्यात एकाएकी विचित्रपणा आला असेल, तर एक दिवसही थांबू नये. आई आणि मूल यांना एकटे न ठेवता इस्पितळात न्यावे. एरवीही बोलायला कुणी नसेल तेव्हा १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. २०२२ साली तो सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

घरातल्या इतरांनी काय करावे?

मुलगी पुण्याला परत निघाली तेव्हा मला खरी काळजी लागली. इथे निदान मी होते, शेजार होता. तिथे नववा मजला आणि बंद दारे. म्हणून निघण्यापूर्वी जावयांना बोलावून घेतले आणि आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरविल्या. जावईही शहाणे, त्यांनी कुरकुर केली नाही. आपल्याही उपयोगी पडतील म्हणून त्या इथे देते.

पहिली गोष्ट, रात्रीची वाटणी. रात्री एक वाजेपर्यंत बाळ बापाचे, त्यानंतर आईचे. मध्ये फक्त पाजायला उठवायचे. सलग चार तास झोप मिळालेले माणूस आणि न मिळालेले माणूस ही दोन वेगळी माणसे असतात. दुसरी गोष्ट, एक ठरलेला शब्द. दोघांपैकी कुणीही "घे" असे म्हटले, की दुसऱ्याने कारण न विचारता मूल घ्यायचे. "आत्ताच तर दिलं होतं" असे म्हणायचे नाही. तिसरी, पाच माणसांचे फोन एका कागदावर लिहून भिंतीला लावायचे. त्यांतला एक तरी त्याच इमारतीतला हवा, आणि एक तरी रात्री दोनला उचलणारा हवा. तो मान माझ्याकडे आला. चौथी, मूल घेऊन खुर्चीत किंवा कोचावर पेंगायचे नाही. डोळे मिटू लागले की त्याला त्याच्या जागी ठेवायचे. पाचवी, घर आरशासारखे लख्ख नसले तरी चालेल. त्या वर्षी त्यांनी दिवाळीच्या करंज्या विकत आणल्या, आणि आमच्या घराण्याची अब्रू शाबूत राहिली!

मूल दोन-तीन वर्षांचे झाले की रडण्याची जागा हट्ट घेतो. बाजारात लोळण घेणारे, वाटी भिरकावणारे, "नाही" हा एकच शब्द शिकलेले हे वय. आई-बापांचा हात उठतो तो बहुधा याच वयात. तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, की आपण चिडलो आहोत ते कुणावर? साहेबाने टाकून बोललेले, सासूने टोमणा मारलेला, गाडी चुकलेली. आणि वड्याचे तेल निघते वांग्यावर. घरात राग नेहमी उताराने वाहतो आणि सर्वांत खाली मूल असते. त्याच्या खाली कुणीच नाही. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःला आवरता येत नाही, कारण आवरण्याची ती शक्ती अजून त्याच्या मेंदूत तयार व्हायची आहे. आपली तर झालेली आहे ना? मग बांधाच्या टोकाला जाण्याचा नियम इथेही लागू. त्याला लागणार-पडणार नाही अशी जागा पाहावी, आपण दोन पावले मागे सरावे, दहा आकडे मोजावे आणि मगच बोलावे.

सासूबाईंना आणि माझ्यासारख्या आजीबाईंना एक विनंती. सुनेने किंवा मुलीने "मला सहन होत नाही" म्हटले, तर तिला आपल्या वेळच्या गोष्टी सांगू नयेत. नुसते मूल घ्यावे.

आणि वाचकहो, या दिवाळीत तान्हे मूल असलेल्या घरी फराळाला जाल, तेव्हा खेळणी पुष्कळ जणांनी आणलेली असतील. तुम्ही दोन तास घेऊन जा. हात स्वच्छ धुवा, मूल घ्या आणि त्याच्या आईला म्हणा, "जा, दार लावून झोप. हा रडला तरी मी आहे." ती आधी नको म्हणेल. पुन्हा एकदा म्हणा.